दुसऱ्या हाकेला जोडलेली पवनचक्की

मागच्या हिवाळ्यात एका कचेरीत दाखला काढायला गेले होते. खिडकीतल्या भाऊंनी विचारलं, व्यवसाय काय. मी खरं ते सांगून टाकलं, समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभ्या करते. भाऊंनी पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला, माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांकडे 'बघताय ना' अशा नजरेनं पाहिलं आणि मग शांतपणे लिहिलं, 'शेती'. मी हरकत घेतली नाही. वर्षातले पाच-सहा महिने मी खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर असते आणि आईबरोबर नागली झोडते. उरलेल्या महिन्यांत काय करते ते भाऊंना खिडकीतून समजावत बसले असते, तर मागच्या रांगेनं मलाच झोडलं असतं.

म्हणून आता दिवाळी अंकाचं निमित्त साधून सगळं सांगते. इथे रांग नाही, घाई नाही, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात तरी मला कळणार नाही.

माझं नाव देवकी. आश्रमशाळा, डिप्लोमा, मुंबईची गोदी, समुद्रातल्या तेलविहिरी आणि तिथून स्कॉटलंड, हा माझा बायोडाटा झाला. तो यापुढे वाढवणार नाही, कारण दुसऱ्याचा बायोडाटा वाचून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विशीत होते आणि खरं सांगते, मला काहीही वाटलं नाही. चढ नाही, उतार नाही, झाड नाही, त्यात बघायचं काय? पुढे त्याच समुद्रानं माझ्या पोटातलं सगळं दोन वर्षं वसूल केलं. बोटीवर चढले की मी कठड्याशी आणि स्वयंपाकी माझ्याकडे बघत उभा. त्याला वाटायचं, त्याच्या हाताला चव नाही. तिसऱ्या वर्षी माझं पोट स्थिरावलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्या बिचाऱ्याला झाला.

तर हे काम आहे काय? मी हे आधी आईला समजावलं, आणि आईला समजलं ते तुम्हाला समजेलच. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असतं. तिथे समुद्राच्या तळात लोखंडी खांब ठोकायचा आणि त्यावर पवनचक्की बसवायची, सोपा हिशेब. पण खरा वारा असतो आत, खोल पाण्यावर, आणि तिथे तळापर्यंत खांब न्यायचा म्हटलं तर कुणाला परवडणार? म्हणून चक्कीला तरंगायला लावायचं. तीन लोखंडी पिंपं, एकेक आमच्या शाळेच्या इमारतीहून उंच, जाड नळ्यांनी त्रिकोणात जोडलेली. त्यातल्या एका पिंपावर मनोरा, मनोऱ्यावर यंत्र, यंत्राला तीन पाती. पिंपांच्या तळाशी मुद्दाम पाणी भरतात, म्हणजे ती खोल बसतात आणि वरचं धूड कलत नाही.

आईनं विचारलं, हे सगळं तिथं पाण्यात नेऊन जोडतंस? तर नाही. तिथेच सगळी गोम आहे. भर समुद्रात क्रेनची बोट हलते, चक्कीही हलते, आणि दोघी आपापल्या तालात हलतात. जव्हारच्या घाटातून धावणाऱ्या जीपमध्ये बसून सुईत दोरा ओवून बघा, मग कळेल. म्हणून सगळी जोडणी बंदरात, धक्क्यावर पाय रोवून उभ्या असलेल्या क्रेननं करायची. चक्की पात्यांसकट सजवून तयार झाली की तिला तीन टग, म्हणजे छोट्या पण हत्तीच्या ताकदीच्या ओढबोटी, हळूहळू ओढत नेतात. बांधावरून माणूस चालेल तेवढाच वेग. आई म्हणाली, म्हणजे वरात. मी म्हटलं, हो, वरातच, फक्त नवरी चार-पाचशे हात उंच आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

जिथे न्यायची तिथे आम्ही आधीच जाऊन तीन नांगर तळात रुतवून ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला साखळी. साखळीची एक कडी माझ्याहून जड. हे ऐकल्यावर आईनं विचारलं, "नांगरलंस ते ठीक, मंग पेरलंस काय?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या मुख्य अभियंत्यालाही देता आलं नाही, मी त्याला विचारून पाहिलं.

लोकांना वाटतं साखळ्या ताणून बांधत असतील. आमच्याकडच्या साखळ्या तशा नसतात. बैलाला बांधताना दावं सैल ठेवतो ना, तसं. साखळीचा बराचसा भाग तळावर नुसता लोळत असतो. वाऱ्यानं चक्कीला ढकललं की साखळी तळावरून उचलली जाते आणि तिचं वजनच चक्कीला माघारी ओढून आणतं. पण तिन्ही साखळ्या जोडून होईपर्यंत ते जनावर मोकाट. तोवर त्याला तीन टगांनी धरून ठेवायचं आणि वर आभाळाकडे बघत राहायचं. वारा आणि लाटा दोन्ही शांत असतील असे सलग दोन-तीन दिवस लागतात. तिथले लोक त्याला हवामानाची खिडकी म्हणतात. मी मनात उघडीप म्हणते. भात कापून वाळत घातलेल्या माणसाला उघडीप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

या कामात यंत्रांपेक्षा माणसंच जास्त छळतात. एकदा आमच्या वरातीच्या वाटेवर ह्यू नावाचा एक म्हातारा खेकडेवाला आपली बोट आडवी लावून बसला. हलायलाच तयार नाही. त्याचे खेकड्यांचे सापळे तिथे पिढ्यान् पिढ्या पडतात म्हणे. कंपनीच्या माणसांनी रेडिओवरून कायदा वाचून दाखवला, तर त्यानं रेडिओ बंद करून टाकला. मग मला रबरी बोटीतून धाडलं. आमच्याकडे कुणाच्या घरी कामासाठी गेलं तर काम आधी काढत नाहीत. आधी पाणी, मग चहा, मग पाऊस, गुरं, दुखणीखुपणी, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून 'तेवढं ते बघा' असं सांगायचं. मी तस्संच केलं. त्याच्या गुडघ्यांवर आम्ही तासभर बोललो. निघताना म्हटलं, तेवढी बोट जरा बाजूला. तो म्हणाला, अगं ती मी हलवणारच होतो. तिकडे तीन टगांचे कप्तान तासभर ते धूड धरून केस उपटत होते. आमच्या प्रमुखानं, ओलावनं, मला विचारलं, असा कोणता मुद्दा मांडलास? मी सांगितलं, गुडघे.

हा ओलाव म्हणजे आमचा टो मास्टर, वरातीचा मुखत्यार. चक्की बंदरातून सुटल्यापासून तिसरी साखळी जोडली जाईपर्यंत सगळ्या बोटी त्याच्या शब्दावर चालतात. मी त्याच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. तो निवृत्त व्हायला निघाला होता, घरी मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या, आणि त्याची खुर्ची मला मिळावी असं त्याच्या मनात होतं. माझ्या तर मनात, पोटात, झोपेत सगळीकडे तेच होतं. ती जागा मला इतकी हवी होती की सांगायची सोय नाही. आमच्या पाड्यावरची बाई, आणि तिच्या एका शब्दावर तीन टग थांबणार, तीन टग चालणार. आरशासमोर उभी राहून मी हुकूम सोडायचे, आता कशाला लपवू?

पण मध्ये एक माणूस होता. विमेवाल्यांचा तपासनीस. त्याच्या सहीशिवाय चक्की बंदर सोडू शकत नाही, आणि त्याला पसंत नसलेला माणूस टो मास्टर होऊ शकत नाही. खिशात भिंग घेऊन फिरायचा, म्हणून मी त्याला भिंगवाले म्हणायचे. प्रत्येक खिळा, प्रत्येक दोर भिंगातून बघणार. हसताना मी त्याला पाहिलेलं नाही. कामाच्या मध्येच दोन उकडलेली अंडी खायचा, आणि ती फोडण्याआधीही भिंगातून बघायचा.

त्या हंगामातली शेवटची चक्की. दोन साखळ्या जोडून झालेल्या, तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी जोडायची, आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून वारा वाढणार. नेमकी त्याच सकाळी ओलावची दाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की शब्द तोंडातून बाहेर पडेना. हुकूम सोडणाऱ्या माणसाला बोलताच येईना म्हटल्यावर त्याला हेलिकॉप्टरनं दंतवैद्याकडे पाठवलं. जाताना त्यानं माझ्या हातात रेडिओ दिला आणि भिंगवाल्यांकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. अर्थ स्पष्ट होता. आज नीट कर, खुर्ची तुझी. आणि हंगाम संपायच्या आत ही चक्की जोडली गेली नाही, तर तिला परत बंदरात ओढून न्यायचं आणि सगळा हिवाळा तिथे उभी करायची, तीही माझ्याच नावावर.

मी चक्कीच्या तरंगत्या फलाटावर उभी, शेजारी भिंगवाले, आणि धुकं उतरलं. समोरचा टग, ज्याला दोर ओढायचा होता, तो दिसेनासा झाला. पातं दिसेना, मनोरा दिसेना, भिंगवाल्यांच्या हातातलं अंडं तेवढं दिसत होतं. धुक्यानं काम थांबत नाही, लाटा शांत होत्या. वरून सोडलेली साखळी आणि तळावरची साखळी यांची टोकं खाली पाण्यात एका मोठ्या जोडणीत बसवली होती. पाण्याखालचा रोबो, म्हणजे कॅमेरा लावलेलं एक पोहतं खोकं, तिथे पहारा देत होता. आता पुढच्या टगानं चक्कीला ओढून साखळीवर ताण द्यायचा, आणि ओढायचा हुकूम माझा.

टगचा कप्तान डंकन. त्यानं धुक्यातून रेडिओवर हाक मारली, "देवकी, तयार?"

मी गप्प.

आता हे कसं सांगू? आमच्या पाड्यावर पोर चालायला लागलं की त्याला एक गोष्ट शिकवतात. रानात लाकडं आणायला गेलं आणि न दिसणाऱ्या कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आई सांगायची, भूत एकदाच हाक मारतं. माणूस परत मारतो. भुताला तेवढा धीर नसतो. समोर दिसणाऱ्या माणसाला मी लगेच उत्तर देते, आणि उघड्या हवेत टग दिसत असतात, त्यामुळे नऊ वर्षांत कधी अडलं नव्हतं. शिवाय धुकं असलं की बोलायचा तो ओलाव. आणि नियमानं रेडिओवर नाव दोनदा घ्यायचं असतं, पण कामाच्या गडबडीत दिवसभर बोलणाऱ्या माणसांपैकी तो नियम पाळतं कोण? डंकननं एकदाच हाक मारली. मी विचारबिचार काही केला नाही. जीभच उचलली नाही. अंगातलं पोर लाकडांची मोळी घेऊन रानात उभं राहिलं आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायला लागलं.

आणि दुसरी हाक येईना. कारण ओढायच्या बाबतीत डंकन शिस्तीचा माणूस. उत्तर नाही म्हणजे ओढायचं नाही, असा नियम. त्याला वाटलं बाई कामात आहे, बोलेल. तो माझी वाट बघतोय, मी त्याची. मधे समुद्र, वर धुकं, शेजारी भिंगवाले घड्याळ बघतायत. किती वेळ गेला? दोन मिनिटं असतील, तीन असतील. माझ्या मनात आलं होतं की देवके, बोल. पण तोंड उघडत नव्हतं. आजही आठवलं की मला हसूही येतं आणि कानही तापतात.

तेवढ्यात रोबो चालवणारी मुलगी, मारित, रेडिओवर ओरडली. जोडणीची खीळ, साखळी निसटू नये म्हणून आडवी घालतात ती, अर्धी बाहेर आली होती. साखळी उचलताना तळाचा गाळ उसळला होता आणि कॅमेऱ्याला इतका वेळ काही दिसतच नव्हतं. या दोन-तीन मिनिटांत गाळ खाली बसला, पाणी निवळलं आणि खीळ दिसली. ओढलं असतं तर साखळी सुटून तळाला गेली असती आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिकडे ढुंकून बघता आलं नसतं. आणि मग डंकनची दुसरी हाक आली. मी ताबडतोब म्हणाले, "ओढू नकोस."

काय सांगू तुम्हाला, एकदम जयजयकार. सगळ्यांना वाटलं, गाळ बसेपर्यंत मी मुद्दाम हुकूम रोखून धरला. डंकन रेडिओवर म्हणाला, बाईच्या पोटात किती थंडपणा आहे बघा. माझ्या पोटात काय होतं ते माझं मला माहीत. रोबोनं खीळ ठोकून बसवली, आम्ही पुन्हा सुरुवात केली, धुकं विरलं, आणि दुपारी तिसरी साखळी जागेवर बसली. टगांनी दोर सोडले. चक्की आपल्या तीन दाव्यांवर डौलात उभी राहिली, वारा आला तेव्हा किंचित सरकली आणि माघारी आली. मला नाचावंसं वाटत होतं आणि खरं तर मी थोडी नाचलेही. ओलावचा दंतवैद्याकडून फोन आला. जबडा बधिर, एक शब्द कळत नव्हता, पण तो रडत असावा किंवा हसत असावा.

संध्याकाळी बोटीच्या जेवणघरात भिंगवाल्यांनी अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, पाणी निवळेपर्यंत ओढण्याची परवानगी रोखून धरण्याचा प्रभारींचा निर्णय उत्कृष्ट होता. त्याखाली त्यांची सही. सोबत दुसरा कागद, मला टो मास्टर करायला विमेवाल्यांची हरकत नाही, असा. त्यावर अजून सही नव्हती. अहवालावर आधी माझी सही हवी होती. त्यांनी पेन पुढे केलं.

मी पेन हातात घेतलं. नऊ वर्षं त्या एका कागदासाठी खपले होते. नुसतं नाव लिहायचं होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं, चक्की तर उभी होती. पण 'निर्णय' हा शब्द काही गिळता येईना. निर्णय कसला आणि कपाळ कसलं. उद्या हाच थंडपणा समजून कुणी माझ्या भरवशावर दोराशेजारी उभा राहिला तर? मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. रान, मोळी, आई, भूत. इंग्रजीत भूत सांगणं फार अवघड आहे, तुम्ही कधी केलेलं नसेल.

भिंगवाले हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ते किती वेळा हाक मारतं?"

मी म्हटलं, एकदाच.

त्यांनी अहवालातली ती ओळ भिंगातून वाचली. मग म्हणाले, "आणि बुडणारा माणूस? तो दुसऱ्यांदा हाक मारायला वर येतो का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं भुतांपासून वाचायचा विचार केला, आणि माणूसही एकदाच हाक मारू शकतो हे कधी मनातच आलं नाही. त्यांनी 'उत्कृष्ट निर्णय' या ओळीवर काट मारली, खरं काय झालं ते लिहिलं, आणि दुरुस्त अहवालावर पुन्हा सही केली. माझा कागद घडी करून खिशात घातला, भिंगाशेजारी.

ओलाव तर माझ्यावर इतका चिडला की त्याची दाढ पुन्हा सुजली. कोण विचारायला आलं होतं तुला, म्हणाला. मग त्यानं मधमाश्या भावाकडे पाठवल्या आणि आणखी एक हंगाम राहिला. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही.

त्या हिवाळ्यात घरी आले ती एकच काम घेऊन, पहिल्या हाकेला ओ द्यायला शिकायचं. पण शिकवणार कोण? मी पाड्यावर सगळ्यांना सांगून बघितलं की मी दिसत नसताना मला एकदाच हाक मारा. कुणी तयार होईना. लपून एकदाच हाक मारायची हे भुताचं काम, माणसानं ते का करावं? मावशीनं तर मला कुणाला तरी दाखवून आणायचा सल्ला दिला. आईला गळ घातली, तर ती खवळली, "मी काय भूत हाय?" खोडाळ्याच्या बाजारात एका ओळखीच्या जीपवाल्याला पटवलं. तो केळीवाल्याच्या मागे लपला आणि त्यानं हाक मारली, पण मारली ती तीनदा, कारण एकदाच मारायची त्यालाही भीती वाटली. शेवटी मी स्वतःचाच आवाज फोनमध्ये भरून ठेवला, 'देवकी', एकदाच, आणि फोन कधी वाजेल ते कळू नये असा लावून लाकडं आणायला जायला लागले. पहिल्यांदा तो आवाज झुडपातून आल्यासारखा ऐकू आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मोळी टाकून मी खाली बसले. पण 'ओ' म्हणाले. मग रोज म्हणत गेले. हिवाळा संपेपर्यंत मोळी न टाकता 'ओ' म्हणायला लागले, भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

पुढच्या हंगामात भिंगवाले वाटेल तिथून हाक मारायचे. एकदा इंजिनखोलीतून, एकदा भांडारातून, एकदा मी तोंडात पाव कोंबलेला असताना. दर वेळी एकदाच. मी ओ द्यायचे. पावाच्या वेळी नुसतं 'हं' झालं, तेही त्यांनी मान्य केलं. पण खिशातला कागद काही बाहेर येत नव्हता.

हंगामाच्या शेवटी पुन्हा तशीच एक सकाळ, पुन्हा तिसरी साखळी, पुन्हा धुकं. भिंगवाले त्या दिवशी बोटीवर नव्हते, सर्दीनं घरी पडले होते. ओलाव खाली साखळी ओढणाऱ्या यंत्रापाशी, रेडिओ माझ्याकडे. डंकनचा टग दोर ओढत होता, मागचा टग धरून होता. मागच्या टगावरून आवाज आला, "देवकी". एवढाच. पुढे काही नाही.

मी त्याच श्वासात म्हणाले, सगळे थांबा.

डंकननं ओढणं थांबवलं. धुक्यात काही कळेना. मग हळूहळू कळलं. मागच्या टगावरच्या एका खलाशाचा पाय सरकत्या दोराच्या वेढ्यात सापडला होता. कप्तानानं माझं नाव घेतलं, रेडिओ टाकला आणि त्याच्याकडे धावला. दुसरी हाक मारायला तिथे कुणी नव्हतंच. दोर थांबला म्हणून पाय निघाला. घोटा मुरगळला आणि एक बूट समुद्रात गेला. संध्याकाळी तो खलाशी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मोजा घालून मला भेटायला आला. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या घरच्यांबद्दल विचारत बसले. तो गेल्यावर मात्र खूप रडले. आदल्या वर्षीची ती दोन-तीन मिनिटं मी मनात मोजून बघितली.

अहवाल मी लिहिला, जे झालं तेच. चार दिवसांनी भिंगवाल्यांकडून पाकीट आलं. आत घड्या पडून मऊ झालेला तोच कागद, सहीसकट. बाकी एक अक्षर नाही. ओलावनं तिथल्या तिथे बायकोला फोन लावला आणि मधमाश्या परत मागवल्या. मी बोटीच्या टोकावर जाऊन एवढ्या मोठ्यानं ओरडले की स्वयंपाकी धावत बाहेर आला.

मग आईला फोन केला. पाड्यावर फोन लागायचा तर तिला माळावर चढून जावं लागतं, त्यामुळे धाप लागलेली होती. मी सगळं सांगितलं, खुर्ची, कागद, तो बूट, पहिल्या हाकेला दिलेलं उत्तर. वाटलं, आता म्हणेल, शाब्बास.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे आता तू पयल्याच हाकेला ओ देतंस?"

"हो आई."

"मंग घरी येशील तवा रानात एकटी जाव नको."

आता मी घरी आहे. नागली झोडून झाली, दिवाळीसाठी लाकडं आणायची आहेत. आईचे गुडघे दुखतात, चढण चढताना ती दर थोड्या वेळानं थांबते. तरी रोज कोयता घेऊन माझ्याबरोबर येते, आणि मला कुणी हाक मारलीच तर आधी तिला ऐकू यावी म्हणून माझ्या पुढे चालते.